टाळीच्या दिशेनं

"म्याडम, अथी पानी गरम हाये," रोशन म्हणाला, "अन् तथी थंड. तथून कोनीतरी ओढून राहिलं वाटते."

अल्का शहारे त्याची दोन्ही मनगटं धरून छातीएवढ्या पाण्यात उलटी चालत होती. रोशननं मान वळवून हनुवटीनं उजवीकडे दाखवलं. उजवीकडे तळ्याची उंच पाळ होती आणि पाळीच्या मधोमध तुडूम. शेतांना पाणी सोडायच्या तोंडाला त्या भागात तुडूम म्हणतात. पाळीच्या पोटातून एक मोठा नळ पलीकडे गेलेला, त्यावर लोखंडी दार, आणि ते दार वर-खाली करायला पाळीवर एक चाक. दार त्या दिवशी बंद होतं. पण लोखंड जुनं झालेलं, कडेकडेनं पाणी झिरपायचं. ती एवढीशी ओढ अल्काला कधी जाणवली नव्हती, आणि ती तर लहानपणापासून तळ्यांत पोहत आलेली, कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघात गेलेली. या आंधळ्या पोराच्या कातडीला मात्र ती कळली.

अल्कानं त्याला लगेच उथळ बाजूला आणलं.

हे दोन हजार सातच्या पावसाळ्याच्या शेवटचं. अर्जुनी मोरगावकडून प्रतापगडाच्या दिशेनं जाताना एका गावाबाहेर अंध आणि अपंग मुलांची ती निवासी शाळा होती, आणि शाळेच्या मागेच तळं. अल्का तिथं खेळाची शिक्षिका. मुलांना पोहायला शिकवायचं तिच्या डोक्यात आपणहून आलं नव्हतं. ते रोशनच्या आईनं, पार्वताबाईनं, घातलं. जुलैमध्ये पोराला सोडायला ती आली, तेव्हा अंगणात पेटी ठेवून पहिलं वाक्य तेच बोलली.

"शिकवाचं असन तं याले पोहनं शिकवा बाई. लिहाले-वाचाले मंग शिकन."

"पोहणं?" अल्का दचकलीच. "काऊन?"

"आमचं घर इटियाडोह धरनाच्या नहराले लागून हाये. दोनदा पडला. दुसऱ्यानं तं गुराख्यानं केस धरून काढला." पार्वताबाई पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभी होती. "तिसऱ्यानं कोन राहीन तथी?"

त्या मुलखात चार पावलांवर तळं, बोडी म्हणजे छोटं तळं, नाहीतर कालव्याचा नहर. डोळस पोरं पाण्यात खेळून आपोआप पोहायला शिकतात. या मुलांना मात्र घरचे पाण्याजवळ फिरकू देत नाहीत आणि मग ती कधीतरी एकटीच पाण्याशी पोचतात. अल्कानं शाळेच्या अध्यक्षांची, हिरालालजींची, परवानगी काढली आणि चार मुलांना घेऊन सुरुवात केली. दोन्ही पाय पोलिओनं गेलेला संघदीप, एका हाताची मोनाली, अजून एक मुलगा, आणि रोशन. पाठीला तेलाचे रिकामे डबे बांधून ती त्यांना तरंगायला शिकवायची. संघदीप जमिनीवर हातांवर फरफटत चालायचा; पाण्यात तोच सगळ्यांच्या पुढं निघायचा आणि मागं वळून हसायचा.

रोशनची गोष्ट निराळी होती. त्याला तरंगणं पहिल्या आठवड्यातच आलं, पण जायचं कुठं हे कळेना. चार हात मारले की तो गोल फिरायचा. मग अल्का पलीकडे उभी राहून टाळी वाजवू लागली. रोशननं चार हात मारायचे, मान वर काढायची, टाळी ऐकायची, पुन्हा चार हात. एकाच शिकवणीवर तिनं सगळा भर दिला होता. घाबरलास, थकलास, काही कळेनासं झालं, तर टाळी ऐक. टाळी जिकडं असेल तिकडं मी असते.

दिवाळीपर्यंत तो घाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरळ जाऊ लागला. अल्का खूश व्हायला हवी होती, पण तिला नीट झोप लागेना. रोशनला पाण्याची भीतीच उरली नव्हती. तो बुडी मारून आत थांबायचा, आणि दर दिवशी जरा जास्त थांबायचा. वर आला की म्हणायचा, "आत लई आवाज येते म्याडम. कोनी दूर बोलून राहिल्यासारखा."

त्याच दिवसांत गावातल्या एकाचं वासरू गेलं. पाळीवरून घसरून ते पाण्यात पडलं, तुडुमाचं दार तेव्हा उघडं होतं, आणि नळाच्या तोंडाला असायची ती लोखंडी जाळी केव्हाच गंजून गळून गेलेली. शाळेचा शिपाई उदाराम वासरू काढायला गेला होता. परत आला तो हात धूतच राहिला.

"अर्ध आत, अर्ध बाहेर," तो अल्काला म्हणाला. "दार बंद केल्याबिगर सुटलंच नाई. पोट्टे त्या अंगाले नका जाऊ देऊ म्याडम."

अल्कानं त्याच दुपारी घाट आणि पाळ यांच्या मधून जाड दोर बांधून घेतला आणि त्याला रिकामे डबे लावले. दोराच्या अलीकडे शाळा, पलीकडे तळं. मुलांना तिनं तो दोर हातानं चाचपायला लावला. इथून पुढं नाही म्हणजे नाही.

हिरालालजी अधूनमधून घाटावर येऊन उभे राहायचे. गोंदियाला त्यांची राईस मिल होती, गाडी होती, बोलणं अर्धं हिंदीत. माणूस वाईट नव्हता. शाळा त्यांनी वडिलांच्या नावानं काढली होती आणि मुलांना सणाला गोड पाठवायला ते कधी चुकले नव्हते. पण त्या दिवशी संघदीपला पाण्यात सुसाट जाताना पाहून त्यांचे डोळे चमकले, आणि अल्काला ते चमकणं आवडलं नाही.

"म्याडम, तीन डिसेंबरले अपंग दिन हाये ना? गोंदियातून मोठे साहेब बोलावू. पाळीवर मंडप टाकू. ये बच्चे तालाब पार करेंगे. सारा जिल्हा पाहीन."

"पार नाही करू शकत," अल्का म्हणाली. "घाटाजवळ पोहतात ती. डिसेंबरात पाणी किती गार असतं. आणि रोशन आवाजावर चालतो. लोकांच्या गर्दीत त्याला काय ऐकू येणार?"

"टेन्शन नका घेऊ. लोकाइले चूप बसवू."

"तुडूम उघडं राहिलं तर?"

"बंद ठेवू ना. मी स्वतः सांगतो शेतकऱ्याइले."

अल्कानं पुष्कळ वाद घातला. शेवटी एवढं ठरलं की मुलांनी तळं पार करायचं नाही, उथळ काठाच्या खडकापासून घाटापर्यंत दोराच्या आतल्या बाजूनंच यायचं, आणि शेवटचा मुलगा पाण्याबाहेर येईस्तोवर कुणीही टाळी वाजवायची नाही. ही सूचना माईकवरून दोनदा द्यायची. हिरालालजींनी सगळ्याला हो म्हटलं. ते इतक्या लवकर हो म्हणाले की अल्काला वाटलं, यांनी ऐकलंच नाही.

तीन डिसेंबरला सकाळपासून बोचरं वारं सुटलं होतं. तळ्याच्या पाण्यावर बारीक शिरशिरी उठत होती. पाळीवर मंडप उभा राहिला, तोही नेमका तुडुमाच्या वर, कारण तिथंच पाळ रुंद होती. कार्यक्रम सकाळचा ठरलेला. पाहुण्यांची गाडी काही येईना. मुलं टॉवेल गुंडाळून खडकावर बसली होती, सोबत शाळेतली दुसरी शिक्षिका शामकला. मोनालीचे ओठ निळे पडायला लागले. अल्का दोनदा खडकापर्यंत जाऊन आली, मुलांचे तळवे चोळून आली. रोशन एकटाच आनंदात होता.

"आई आली का म्याडम?"

"आली. मंडपात बसली आहे."

"तिले दिसन का मी?"

"दिसशील."

जेवणवेळ टळल्यावर पाहुणे आले. हारतुरे झाले, भाषणं झाली. अल्का घाटावर आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि तेव्हा तिचं लक्ष पाण्यावर गेलं. काठच्या आंब्याची वाळकी पानं पाण्यावर पडलेली होती. वारं पाळीकडून घाटाकडे वाहत होतं. पानं मात्र वाऱ्याच्या उलट, हळूहळू, सगळी एका रांगेत, पाळीकडे निघाली होती.

तिनं दोराकडे पाहिलं. दोर नव्हता. रिकामे डबे सुटे होऊन पाळीच्या कडेला एकमेकांवर आपटत होते. वाऱ्यानं मंडप उडायला लागला म्हणून मंडपवाल्यानं ती खडकावर असताना दोर सोडून नेला होता, आणि हे कुणी तिला सांगितलंही नव्हतं. खालच्या शेतकऱ्यांनी दुपारपर्यंत वाट पाहिली होती. रोपांसाठी उन्हाळी धानाचे पऱ्हे टाकायचे होते, पाण्याची त्यांची बारी होती. कार्यक्रम आटोपला असेल असं समजून कुणीतरी चाक फिरवलं होतं.

"उदारामभाऊ!" ती ओरडली. "तुडूम उघडं आहे! मुलांना उतरवू नका! शामकला, थांबव त्यांना!"

लाउडस्पीकर मोठा होता. त्याच क्षणी त्यातून आवाज आला, "आणि आता पाहा, दोन्ही पायांनी अपंग असलेला आपला संघदीप!"

संघदीप पाण्यात शिरला. अल्का हात हलवत राहिली. खडकावरून शामकलानंही हात हलवला. तिला वाटलं, म्याडम शाबासकी देत आहेत. संघदीपला दिसत होतं. डबे नाहीत हे त्याच्या लक्षात आलं आणि तो काठाला चिकटून घाटाला आला. अल्कानं त्याला बाहेर ओढलं आणि ती घाटावरून खडकाकडे धावत सुटली. मधे बेशरमाची झुडपं, चिखल. ती अर्ध्यावर असताना माईकवर रोशनचं नाव पुकारलं गेलं. जन्मापासून डोळ्यांनी अंध, वय वर्षं दहा.

"उतरू नको!" अल्का जिवाच्या आकांतानं ओरडली. "रोशन, उतरू नको!"

शामकलानं त्याच्या पाठीवर थोपटून त्याला पाण्यात सोडलं.

चार हात. मान वर. तो टाळी शोधत होता. अल्का चिखलातच थांबली आणि टाळ्या वाजवू लागली, जोरजोरात, तळवे फुटतील इतक्या. रोशननं तिच्याकडे मान वळवली. तो वळलाच होता, आणि तेवढ्यात सूत्रसंचालकाचा आवाज सगळ्या तळ्यावर घुमला.

"या चिमुकल्यासाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!"

पाळीवरचे सगळेच्या सगळे लोक टाळ्या वाजवू लागले. साहेब वाजवत होते, हिरालालजी वाजवत होते. पुढच्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेली पार्वताबाईही वाजवत होती, डोळे पुसत.

रोशन थबकला. मग त्याच्या तोंडावर हसू पसरलं. इतकी मोठी टाळी त्यानं आयुष्यात ऐकली नव्हती. त्यानं दिशा बदलली आणि शिकवल्याप्रमाणे, अगदी सरळ रेषेत, तो पाळीकडे निघाला. चार हात, मान वर, पुन्हा चार हात. तो जसा जवळ येऊ लागला तशा टाळ्या वाढत गेल्या.

अल्कानं अंगावरच्या कपड्यांनिशी उडी टाकली.

गार पाण्यानं तिचा श्वास कोंडला. तिनं मान वर काढली तेव्हा रोशन पाळीपासून पुरुषभर अंतरावर होता, आणि तो आता हात मारत नव्हता तरी पुढं सरकत होता. पुढच्या क्षणी तो उभाच्या उभा खाली गेला. पाण्यावर फक्त त्याचं कपाळ राहिलं आणि वर आलेले दोन हात. मंडपातल्यांना तो हात हलवतो आहे असं वाटलं. टाळ्या थांबल्या नाहीत.

अल्का पोचली. रोशनचा उजवा पाय मांडीपर्यंत नळात गेला होता. पाण्याचा जोर असा, की तिचेही पाय आत खेचले जाऊ लागले. तिनं एक गुडघा पाळीच्या दगडाला रोवला, रोशनच्या काखेत हात घातले आणि त्याचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर टाकलं. त्याचं तोंड जेमतेम पाण्याच्या वर आलं.

"डोकं मागं टाक. हलू नको. तोंडानं श्वास घे."

तो खोकला, पाणी ओकला. मग तिच्या कानाशी म्हणाला, "म्याडम, तुमी अथी. मंग टाळी कोन वाजवून राहिला?"

तिची उडी पाहून वर पाळीवर उदाराम चाकाला झोंबला होता. चाक अर्ध्यात अडकलं. तो शिव्या देत, रडत, अंगाचा भार टाकत होता. शेवटी मंडपातले दोन जण धावले, कुणीतरी माईक ओढून काढला, टाळ्या तुटक तुटक होत थांबल्या, आणि त्या शांततेत सगळ्या तळ्याला ऐकू गेली ती पार्वताबाईची किंकाळी.

दार बसलं. ओढ एकदम मेली. रोशनचा पाय सुटून वर आला तेव्हा तो गुडघ्याच्या वर भलत्याच बाजूला वळलेला होता.

पोर वाचलं. गोंदियाच्या दवाखान्यात त्याच्या मांडीत सळई टाकली, प्लास्टर झालं, पण पाय आखूड राहिला. पार्वताबाई दवाखान्याच्या पायरीवर बसून एवढंच बोलली, "डोळे नवते. आता पायबी नेला." तिनं अल्काकडे पाहिलं नाही.

जानेवारीत पालकांची सभा झाली. मुलगा खोडकर होता, सांगितलेली दिशा सोडून भलतीकडे गेला, असं हिरालालजींनी सांगितलं. पोहणं कायमचं बंद केल्याचंही सांगितलं. अल्का उभी राहिली. मुलानं शिकवलेलं एक पाऊलही सोडलं नाही, तो टाळीच्या दिशेनंच गेला, तुडूम उघडं होतं आणि दोर सोडलेला होता, हे तिनं सगळ्यांसमोर शांतपणे सांगितलं. उन्हाळा लागायच्या आत तिची शाळेतली नोकरी गेली.

एप्रिलमध्ये ती बसनं पार्वताबाईच्या गावाला गेली. काय बोलायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. ऊन चढत होतं. नहराला उन्हाळी धानाचं पाणी सोडलेलं, काठोकाठ, आवाज न करता वाहणारं. घर खरंच नहराला लागून होतं. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. ओसरीत खाटेवर रोशन बसला होता, आणि त्याच्या कमरेला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक खांबाला होतं.

"हे काय?" अल्काच्या तोंडून निघालं.

"जाते ना तो." पार्वताबाई सुपातली फुलं निवडत राहिली. तिचा आवाज कोरडा होता. "लंगडत लंगडत जाते. मी मजुरीवर गेली का निघते नहराकडे. दोनदा आनला वापस. बांधू नाई तं काय करू?"

रोशननं अल्काचा आवाज ओळखून मान तिच्याकडे वळवली. ती त्याच्याजवळ बसली. तो वाळला होता. दोरीखाली कमरेला लाल वळ उमटला होता.

"नहरावर कायले जातोस रे?"

त्यानं आखूड पायावर हात ठेवला. मग म्हणाला, "अथी मी लंगडतो म्याडम. पान्यात नाई लंगडत."

पार्वताबाईचे हात सुपात थांबले. अल्कानं काही न विचारता दोरीची गाठ सोडायला घेतली. गाठ आईनं मारलेली, पक्की. ती सुटेपर्यंत पार्वताबाई पाहत राहिली, आणि तिनं अडवलं नाही.

"नहरात नाही," अल्का म्हणाली. "नहराला ओढ आहे. गावात बोडी आहे का? तुडूम नसलेली?"

"हाये. बौद्ध विहाराच्या मांगं. जनावरं धुतात तथी." पार्वताबाई उठली. "पन मीबी येतो. मीबी पान्यात उतरतो. काठावर बसून पाहनं आता होत नाई मायाच्यानं."

"तुम्हाला येतं पोहता?"

"नाई."

"मग तुम्हीपण शिका."

तिघं निघाली. बोडीचं पाणी गढूळ, कोमट होतं. एक म्हैस पलीकडे डुंबत होती. अल्कानं सगळी बोडी आधी स्वतः चालून, बुडून पाहिली, प्रत्येक खड्डा पायानं चाचपला. मग पार्वताबाई लुगडं खोचून कमरेएवढ्या पाण्यात उतरली. तिनं दात आवळले होते आणि पोराचा दंड गच्च धरला होता. अल्कानं रोशनची मनगटं धरली आणि ती उलटी चालू लागली.

पहिल्याच झेपेत तो एका कडेला कलंडला. आखूड पाय नीट मारता येत नव्हता. तोंडात पाणी गेलं, तो खोकला. पार्वताबाई ओरडली. अल्काच्या डोळ्यांसमोर पाण्यातून वर आलेले ते दोन हात होते. तिला वाटलं, पुरे, काढावं याला बाहेर, बांधून ठेवू दे आईला. जिवंत तर राहील.

"सोडा," रोशन म्हणाला.

तिनं सोडलं नाही. बोटं तिचं ऐकत नव्हती.

"सोडा ना म्याडम."

पार्वताबाईनं आपला हात पोराच्या दंडावरून काढला. मग तिनं अल्काच्या हातांवर हात ठेवला आणि तिची बोटं एकेक करून सोडवली. रोशन पाण्यावर आडवा झाला, वाकडा, एका बाजूला झुकलेला, आणि हात मारू लागला. दोघी बायका दोन बाजूंनी पाणी कापत त्याच्याबरोबर चालत राहिल्या, आणि पार्वताबाईच्या छातीपर्यंत पाणी आलं तरी ती थांबली नाही.